आधी काय होतं

शिरोली नाक्यापासून आत,
फौंड्रीची जळकी वाळू जिथं रस्त्यावर येते,
तिथं दस्तगीर शिकलगारांचं आवार.
फाटकावर खडूनं लिहिलंय :
डबे, ड्रम, टाक्या. उधार बंद.

मला खोलगट काहीतरी हवं होतं.
फूटभर खोल, जास्त नको,
खडी पेलणारं, उन्हात न तडकणारं
आणि वहीत बसणारं :
तीन वाफे, दोन हजार, पंप धरून.
(बावीस वर्षं फौंड्रीचे हिशेब लिहिले.
फौंड्री गेली, सवय राहिली.)

मासे आधीच येऊन बसले होते.
चिलापीची चाळीस पिल्लं, गच्चीवरच्या जुन्या टाकीत,
खात होती, पाणी घाण करत होती.
त्याच पाण्यावर पुदिना येतो, मेथी येते,
असं मी जेवताना सहज म्हणाले
आणि जाऊबाईंनी ते उत्तरेश्वर पेठेत
घरोघरी पोचवलं.
आता न येऊन चालणार नव्हतं.

पिंजऱ्यातली पांढरी टाकी : साडेचार हजार.
सराफाच्या दुकानात फिरतात तशी
तिच्याभोवती एक फेरी मारली, पुढं झाले.

यात आधी काय होतं?
"हुपरीच्या चांदीवाल्यांचं तेजाब."
यात?
"कातड्याचा रंग."
यात?
"ते म्हाईत नाही. आणि म्हाईत नाही ते
पोटात जाणाऱ्या कामाला मी देत नाही.
पलीकडचा देईल."

भिंतीला टेकून वडणग्याच्या गुऱ्हाळातली काहील,
आठ फूट रुंद, कडेला अजून काकवीची काळी रेघ.
हात ठेवला, तापली होती.
आमचा जिना तीस इंच.
लग्नातलं कपाट दोरानं ओढून, खिडकी काढून आत घेतलेलं.
ते ओढणारे चौघंही आता नाहीत.
हात काढून घेतला.

एक गुलाबी बाथटब होता,
स्टेशन रोडवरच्या पाडलेल्या लॉजमधला.
त्याला काही विचारलं नाही.

मग मागच्या पत्र्याखाली निळे ड्रम.
झाकणं घट्ट. दस्तगीरभाईंनी एक उघडलं,
स्वतः वाकले नाहीत.
"माझं नाक गेलं, बाई. तेजाबाच्या वाफेनं गेलं.
फोडणी करपली तरी कळत नाही.
आफरीन, ये गं."

चौथीतली पोर. एका हातात भूगोलाचं पुस्तक.
ड्रममध्ये कंबरेपर्यंत गेली,
आतून आवाज आला, घुमत :
"लोणचं! लिंबाचं! गोड नाही, तिखट!"
"गोकुळ शिरगावच्या कारखान्याचा माल," भाई म्हणाले,
अभिमानानं, जणू लोणचं त्यांनीच घातलं होतं.

साडेसातशेला एक. दोन घेतले.
उभे चिरून दिले, चिरायचे पैसे नाहीत.
तीन मागितले होते, चार झाले.
टेम्पोचे दोनशे वहीत लिहिले नाहीत.

सात पाण्यांनी धुतले.
खडीवर व्हिनेगर टाकून बघितलं, फसफसली ती परत केली.
आठव्या पाण्यात पाच मासे सोडले
आणि रात्री तीनदा टॉर्च घेऊन गच्चीवर गेले.
तीनदाही पाचच होते.
तरी वाऱ्याची झुळूक आली की लिंबू यायचं,
मीठ यायचं, कुणाच्या तरी पानातलं.

पुदिना सातव्या आठवड्यात आला.
जुडी घेऊन शिरोलीला गेले.
दस्तगीरभाईंनी पान चुरगाळलं,
सवयीनं नाकाशी नेलं,
थांबले,
आणि मुकाट्यानं नातीपुढं धरलं.
"सांग. यात आधी काय होतं?"

आफरीननं डोळे मिटले.
पान जिभेवर ठेवलं.
बाहेर कुठंतरी वाळू उतरत होती ट्रकातून.
वय वर्षं चोपन्न, मी पर्स छातीशी धरून उभी,
निकालाच्या दिवशी फळ्यासमोर
उभं राहतात तशी.